सोसायटीत आणि गल्लीत पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून काय करायचं, जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत

सगळ्यात आधी एक सांगतो, पाणी तुंबतंय म्हणून लगेच काँट्रॅक्टरला फोन लावू नका. पुढचा जोराचा पाऊस येईल तेव्हा गमबूट घाला, छत्री आणि मोबाईल घ्या आणि खाली उतरून अर्धा तास नुसतं पाणी बघा. कुठून येतंय, कुठं थबकतंय, कुठल्या जाळीवर भोवरा फिरतोय आणि कुठली जाळी पाण्याखाली गप्प पडून आहे. भोवरा दिसला म्हणजे ती लाईन ओढतीये. भोवरा नाही म्हणजे खाली चोक आहे, मग वरनं ती जाळी कितीही झाडून पुसून ठेवा काही उपयोग नाही. हा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कुठल्याही नकाशापेक्षा जास्त कामाचा असतो, आमच्याकडे तरी सगळी कामं त्याच्यावरनंच ठरली.

आमची सोसायटी पुण्यात दक्षिणेकडच्या उतारावर आहे. ४८ फ्लॅट, तीन विंग, मागे टेकडी, समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे खालच्या अंगाला बैठी घरं आणि त्याच्याही खाली ओढा. मागे एकदा आवारात चिखल होतो म्हणून आम्ही सगळीकडे काँक्रीट करून वर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, बागेच्या पट्ट्यांना एक फूट उंच कठडे बांधले आणि सगळा ढाळ गेटकडे दिला. पाणी पाच मिनिटात बाहेर जायला लागलं, सगळे खूश. मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली, आंबील ओढ्याला पूर आला, कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर सगळीकडे घरात पाणी शिरलं, भिंती पडल्या, पुणे आणि आसपास वीसहून जास्त माणसं त्या पावसात गेली. त्या रात्री आमच्या गेटमधून पाणी धो धो बाहेर पडत होतं आणि आम्ही बाल्कनीतून बघत म्हणत होतो, बरं झालं निघून तरी जातंय. सकाळी रस्ता ओलांडून खाली गेलो तेव्हा कळलं कुठं गेलं ते. लोकांचे गहू, गाद्या, मुलांची दप्तरं सगळं रस्त्यावर वाळत घातलेलं होतं. तो पूर काही एकट्या आमच्या पाण्याने आला नव्हता, पण त्यात आमचं पाणी होतं, आणि ते अजून मनातून जात नाही.

म्हणून मी जे लिहितोय त्याचा पाया एवढाच आहे की गेटच्या बाहेर पाणी काढलं म्हणजे काम झालं असं धरायचं नाही. जेवढं आपल्या आवारात अडवता, मुरवता येईल तेवढं तिथंच ठेवायचं, उरलेल्याला स्वच्छ मोकळी वाट द्यायची आणि वरच्या-खालच्या लोकांशी बोलून ती वाट ठरवायची. शेतीत आपल्याकडे म्हणतातच ना, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला. शहरात आपण नेमकं उलटं करत आलोय.

आधी हिशोब करा

हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या तीन गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर आणि आवार १५०० चौरस मीटर. तासाला ४० मिमी पाऊस धरला (वळवाचा पाऊस सहज एवढा पडतो) तर ९६ हजार लिटर. थोडं भिजण्यात, मुरण्यात जातं ते सोडलं तरी ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाले आठ टँकर, एका तासात. मीटिंगमध्ये लिटर सांगून कोणी हलत नाही पण टँकर सांगितलं की सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो, कारण मे महिन्यात तेच टँकर आपण पैसे मोजून घेतो. तुमच्या गच्चीचं आणि आवाराचं माप टेपने घ्या नाहीतर मंजूर नकाशात बघा आणि तुमचा आकडा काढा. हा आकडा कागदावर असल्याशिवाय पुढचं काहीही ठरवू नका.

कुठलं पाणी कुठं जातंय ते शोधा

आपल्या जमिनीखाली दोन वेगळ्या लाईन असतात, किंवा असायला हव्यात. एक ड्रेनेज म्हणजे संडास-बाथरूमची, दुसरी पावसाळी. पुणे मुंबई दोन्हीकडे हीच पद्धत आहे. घोळ असा होतो की कधीतरी कोणीतरी सोपं पडतं म्हणून गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतो, मग जोराचा पाऊस आला की ती लाईन भरते आणि तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतं. लोक म्हणतात ड्रेनेज चोक झालं, खरं तर पावसाचं पाणी चुकीच्या लाईनीत घातलेलं असतं.

हे तपासायला कोरड्या दिवसात निळीचं पाणी वापरा. कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात कालवायची, एकाने गच्चीवर जाऊन एका पाइपात ओतायची आणि मागून अजून चार-पाच बादल्या साधं पाणी सोडायचं, खाली दुसऱ्याने सगळ्या चेंबरची झाकणं उघडून निळं पाणी कुठं येतंय ते बघायचं. एक पाइप झाला की दुसरा, घाई करायची नाही, मधे पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. आम्ही बी विंगला असं केलं तेव्हा चारपैकी दोन पाइपांचं पाणी थेट ड्रेनेजच्या चेंबरात उतरताना दिसलं, अगदी स्वच्छ निळी धार, आणि तळमजल्यावरच्या आजी इतकी वर्षं दर जुलैला बाथरूमला पोतं आणि वीट लावून का बसायच्या त्याचं उत्तर एका बादलीत मिळालं. प्लंबरने दीड दिवसात दोन्ही पाइप तोडून पावसाळी लाईनीला फिरवले. तुमच्या तळमजल्याला हा त्रास असेल तर सगळ्यात आधी हेच करा. आणि बाहेरची मुख्य लाईनच भरून उलटं पाणी येत असेल तर शेवटच्या चेंबरपाशी एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवता येतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जातं, पण त्याच्या झडपेत कचरा अडकतो म्हणून दर महिन्याला उघडून साफ करणार असाल तरच बसवा.

गच्ची

गच्चीचं काम मार्च-एप्रिलमध्ये उरकायचं. ढाळ शंभराला एक हवा, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच. पाइप किती हवेत त्याचा ठोकताळा असा की १०० मिमीचा उभा पाइप, ताशी ५० मिमी पाऊस धरला तर साधारण ८५ चौरस मीटर गच्चीला पुरतो, ताशी १०० मिमी धरला तर ४० ला. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीला चार तर हवेतच, आठ असले तर चांगलं. पाइपाच्या तोंडावर घुमटाच्या आकाराची जाळी बसवा, सपाट नको, सपाट जाळीवर एक पिंपळपान आणि एक प्लास्टिकची पिशवी आली तरी ती बंद होते. गच्चीवर ठेवलेल्या कुंड्या, जुनी गादी, तुटकी खुर्ची हे सगळं हलवा. आणि कठड्याला जमिनीपासून चारेक इंचावर एक जादा भोक ठेवा, म्हणजे सगळे पाइप चोक झाले तरी गच्चीचं तळं होणार नाही आणि खालून पाणी पडताना दिसलं की लगेच कळेल की वर काहीतरी अडकलंय.

आवार, आणि बाग खाली घेण्याचं काम

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. आपल्याकडे बाग म्हणजे उंच कठडा, आत माती भरलेली, आणि बाहेर खाली फरशी. पाऊस पडला की बागेतली मातीच वाहून फरशीवर येते आणि फरशीवरचं पाणी बागेत जाऊच शकत नाही. हे उलटं करा. बाग फरशीपेक्षा चार इंच खाली घ्या, कठड्याला दर पाच-सहा फुटावर वीतभर रुंदीची खाच पाडा आणि आवाराचा ढाळ गेटकडे न देता बागेकडे द्या.

हिशोब बघा. आमच्या बागेच्या सगळ्या पट्ट्या मिळून २०० चौरस मीटर. त्या चार इंच म्हणजे १० सेंटीमीटर खाली घेतल्या की त्यात एका वेळी वीस हजार लिटर पाणी मावतं, दोन टँकर. आणि खर्च काय तर माती काढून टेम्पोने हलवायची मजुरी आणि खाचा पाडायला गवंडी. एवढंच पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचं म्हटलं तर किती खर्च येईल ते कुठल्याही बिल्डरला विचारा. झाडांची काळजी असते लोकांना, तर जिथं पाणी थांबतं तिथं कर्दळ, अळू, वाळा लावा, त्यांना पाय ओले चालतात. गुलाब, जास्वंद कडेला उंचवट्यावर ठेवा. फक्त इमारतीला अगदी चिकटून असलेली पट्टी खाली घेऊ नका, भिंतीपासून निदान दहा फूट सोडा, नाहीतर पायात ओल जाते.

ढाळ खरंच कुठं आहे ते डोळ्याने कळत नाही, आम्हाला जो कोपरा खोल वाटत होता तो प्रत्यक्षात दोन इंच वर निघाला. गवंडी लोकांकडे पारदर्शक नळीची लेव्हल असते, तिच्यात पाणी भरून दोघांनी दोन टोकांना धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, त्यावरनं आवारात दर दहा फुटावर खडूने आकडे लिहून काढा. एका सकाळचं काम आहे. पोरांना सोबत घ्या, आमच्याकडच्या आठवीतल्या दोघी मुलींनी सगळा तक्ता वहीत उतरवून दिला आणि तोच तक्ता पुढं गवंड्याने वापरला.

पेव्हर ब्लॉकचं एक सांगतो, लोकांना वाटतं की त्यातनं पाणी मुरतं. खाली काँक्रीट असेल तर काही मुरत नाही. मुरायचं असेल तर खाली नुसती खडी आणि कच हवी, सिमेंट नाही. आमच्या मागच्या बाजूला जिथं गाड्या जात नाहीत तिथलं काँक्रीट आम्ही फोडून काढलं आणि गवताची भोकं असलेले ब्लॉक टाकले, आता तिथं पाऊस थांबल्यावर दहा मिनिटात जमीन दिसते.

मुरवायचा खड्डा

खड्डा घ्यायच्या आधी जमीन पाणी पिते का ते बघा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, एकदा भरून सगळं मुरू द्या, मग परत भरा आणि आत पट्टी उभी करून तासाला किती खाली जातं ते मोजा. तासाला इंचभर गेलं तरी ठीक. मुरूम असेल तर चांगलं जातं, काळी माती असेल तर जवळपास हलत नाही, आणि आपल्या भागात खाली काळा पाषाण फार वर असतो, तो लागला तर तिथं खड्ड्याचा नाद सोडा आणि जागा बदला. आम्ही पहिला खड्डा न मोजताच घेतला होता, चार फुटावर अखंड खडक लागला, पैसे गेले आणि पावसाळाभर त्यात पाणी साचून डास झाले, शेवटी बुजवला. त्याच्यापासून साठ फुटावर मुरूम होता, तिथले चार खड्डे आता छान चालतात.

भरताना तळाला मोठे दगड, त्यावर जाडी खडी, मग बारीक खडी, वर वाळू आणि वाळूच्या खाली एक जाळी म्हणजे वाळू खाली उतरत नाही. आता इथं फसगत होते ती अशी की दोन बाय दोन बाय दोन मीटरचा खड्डा म्हणजे आठ हजार लिटर असं सांगून काँट्रॅक्टर बिल लावतो, पण दगड भरल्यावर पाण्याला जागा उरते तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार लिटर. आमचे चारही खड्डे मिळून दहा-साडेदहा हजार. म्हणजे आठ टँकरातला एक खड्ड्यात, दोन बागेत, थोडं मागच्या ब्लॉकमधून. म्हणून म्हणतो की नुसते खड्डे घेऊन भागत नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पर्जन्य जलसंचय सक्तीचा आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो नकाशावर आणि एका कोपऱ्यातल्या झाकणाखाली असतो, तुमच्याकडचं ते झाकण एकदा उघडून बघा की आत पाइप पोचलाय का. पुण्यात यंत्रणा चालू असेल तर मिळकतकरात सवलतही मिळते, क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

बोअरमध्ये पाणी सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं, आणि तेही गाळून. पार्किंगचं, रस्त्याचं पाणी कधीही बोअरमध्ये घालू नका, त्यात ऑइल असतं, कुत्र्या-मांजरांची घाण असते, आणि एकदा ते भूजलात उतरलं की बाहेर काढायचा उपाय आपल्या हातात नाही, तुमच्याच नाही तर शेजारच्या चार सोसायट्यांच्या बोअरला लागेल. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुवून निघेपर्यंत पाइपाचा वळता कॉक बाहेर ठेवा, मग आत फिरवा. हा कॉक फिरवायचं काम एका माणसाच्या नावावर असू द्या, सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणीच करत नाही.

सफाई

कोकणात आगोटीची कामं म्हणून एक शब्द आहे, पाऊस लागायच्या आत कौलं चाळायची, लाकडं भरायची, पन्हाळी साफ करायच्या. तसंच आपलं करायचं. पंधरा मे पर्यंत सगळ्या जाळ्या, कॅच पिट (जाळीखालचे गाळ अडवायचे खड्डे), आडव्या लाईनी साफ. लाईनीत बांबूच्या कामट्या घाला किंवा जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन धुणारी गाडी लावून घ्या. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. काढायचा, एक-दोन दिवस पाणी निथळू द्यायचं आणि उचलून न्यायचाच. दरवर्षी रस्तोरस्ती बघतो, नाल्यातला गाळ काढून नाल्याच्याच कडेला ढीग, आणि पहिल्या पावसात तो सगळा परत आत.

आणि माणूस चेंबरात उतरवायचा नाही. पावसाळी लाईन असली तरी आत ड्रेनेज मिसळलेलं असू शकतं, गॅस असतो, एका श्वासात माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने असं कोणाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हे करायचं नाही. पाचशे रुपयात उतरतो म्हणणारा माणूस गरजेपोटी म्हणतो, आपण नाही म्हणायचं आणि मशीन मागवायचं.

आमच्या बाहेरच्या जाळीत काय निघालं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. नारळाच्या शेंड्या, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, निर्माल्याचं अख्खं पोतं, आणि सगळ्यात जास्त काय तर सिमेंटचा घट्ट झालेला थर. कोणाच्या तरी फ्लॅटचं रिनोव्हेशन चालू असताना घमेली तिथं धुतलेली. आता आमच्याकडे नियम आहे, रिनोव्हेशनचं डिपॉझिट घेतानाच सांगायचं की घमेलं, फावडं धुवायचं ते पाणी एका ड्रममध्ये, गाळ बसला की पोत्यात भरून डेब्रिजबरोबर न्यायचा.

वरचे, खालचे आणि वॉर्ड ऑफिस

पाणी कंपाऊंड बघत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच विशेष सभा घ्या. वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात होते, तोपर्यंत पाऊस संपत आलेला असतो आणि लोकांचा राग ओसरलेला असतो. सभेला ते व्हिडिओ दाखवा, टँकरचा हिशोब दाखवा आणि वर्गणी किती लागेल ते दोन टप्प्यात मांडा, एका दमात सगळं मागितलं की ठराव पडतो.

मग वरच्या सोसायटीला भेटा आणि खालच्या वस्तीत जा. फोनवर नको, प्रत्यक्ष जा. आम्ही खाली गेलो तेव्हा पहिल्यांदा लोक चिडूनच बोलले आणि ते बरोबरच होतं. एका मावशींनी आम्हाला त्यांच्या घरात नेलं, भिंतीवर पाण्याची रेघ दाखवली, ओट्याच्या बरोबर खाली. त्यांनीच सांगितलं की रस्त्याखालची मोरी निम्मी बुजलीये आणि कुठली बाजू आधी भरते. तीस वर्षं तिथं राहिलेल्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याही इंजिनिअरच्या कागदावर नसतं, फक्त विचारायला कोणीतरी जावं लागतं.

मोरीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दिला, सोसायटीचं लेटरहेड आणि वस्तीतल्या सत्तरेक सह्या. अर्ज कसा लिहायचा तर लांबण लावायची नाही. जागा नेमकी, खांबाचा नंबर किंवा दुकानाची खूण, किती वेळात किती पाणी चढतं, तारखेसकट फोटो, आणि नेमकं काय हवंय ते एका ओळीत, उदाहरणार्थ मोरीतला गाळ काढून उचलून न्यावा. फेब्रुवारीत दिला तर तो टेंडरच्या कामात धरला जाण्याची शक्यता असते, जूनमध्ये दिला तर फक्त शिक्का मिळतो. पोच घ्या, पंधरा दिवसांनी परत जा. आमचं काम दुसऱ्या वर्षी झालं. पहिल्या वर्षी नुसतं बघून गेले, तरी सोडलं नाही, दर महिन्याला दोघं जण जात राहिलो, एक इकडचा एक तिकडचा.

आपल्या भागातल्या ओढ्यावर, नाल्यावर भराव पडताना दिसला की तेव्हाच तक्रार करा, फोटोसकट. ओढ्याची रुंदी एकदा गेली की खालच्या लाईनी कितीही मोठ्या टाका, पाणी जायला जागाच नसते.

मुंबईकरांसाठी एक वेगळी गोष्ट. मुंबईतल्या जुन्या पावसाळी लाईनी ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने होत्या, नंतर ब्रिमस्टोवॅड या पावसाळी लाईनी सुधारायच्या प्रकल्पात ते ५० धरलं. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिमी पडला. आणि तिथं समुद्राची भरती असली की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, पाणी बाहेर जातच नाही, म्हणून हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे ठिकाणी पंपिंग स्टेशन बांधावी लागली. तेव्हा मुंबईत असाल तर पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळ बघायची सवय लावा, मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र असेल तर गाडी आधीच उंचावर लावा आणि आदल्या तासात टाक्यांची झाकणं, पंप बघून घ्या. तिकडचा आपत्कालीन नंबर १९१६.

प्रत्यक्ष पावसाच्या रात्री

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासात ६४.५ मिमीच्या वर गेला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की वॉचमनवर सोडून देऊ नका, चार जणांची पाळी लावा. जाळ्यांवरचा पाला दर अर्ध्या तासाने काठीने बाजूला करायचा, हाताने नाही, पाण्याखाली काच असते, कधी वायर असते.

पाणी मीटर रूमच्या पायरीपर्यंत आलं तर वाट बघू नका. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, खालचा वीजपुरवठा इलेक्ट्रिशियनकडून किंवा वीज कंपनीला फोन करून बंद करून घ्या, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून स्वतः कुठल्याही स्विचला हात लावू नका. बेसमेंट असेल तर गाडी काढायला खाली जाऊ नका. उतारावरून पाणी आत यायला लागलं की ते काही मिनिटात छातीपर्यंत चढू शकतं आणि दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडत नाही. गाडीचा विमा असतो.

रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण पाणी जाईल म्हणून उघडायचं नाही, कोणी उघडत असेल तर थांबवायचं. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. पाण्याखाली भोक दिसत नाही. कुठं झाकण गेलेलं दिसलंच तर बांबू उभा करून त्याला लाल कापड बांधा आणि कोणीतरी तिथं थांबा, मदत येईपर्यंत.

आणि रस्त्याखालची मोरी भरताना दिसली की आम्ही खालच्या वस्तीतल्या तीन घरी फोन करतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्यांचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावलेत. वीस मिनिटं आधी कळलं तर धान्य, कागदपत्रं, म्हातारी माणसं वर हलवता येतात. आमच्या सोसायटीचा हॉल त्या रात्रींसाठी उघडा असतो, किल्ली वॉचमनकडे, तसा ठराव करून घेतलाय म्हणजे ऐनवेळी कोणाची परवानगी शोधत बसावं लागत नाही.

पाणी ओसरल्यावर

जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत बाहेरचं पाणी शिरलंय का ते सगळ्यात आधी बघा, नुसतं गढूळ दिसत नाही म्हणून ठीक आहे असं धरू नका. शंका असेल तर मोटर बंद, टाकी पूर्ण रिकामी, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून मगच भरायची, तोवर सगळ्यांनी पाणी उकळून. पुढच्या वर्षीसाठी टाकीच्या तोंडाचा कठडा फूटभर उंच करून घ्या. जे कोणी तुंबलेल्या पाण्यातून चाललेत, विशेषतः पायाला जखम असताना, त्यांनी ताप यायची वाट न बघता एक ते तीन दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवायचं, लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) गोळी लागते का ते डॉक्टर ठरवतील. वॉचमन, सफाईवाल्या ताई, जे रात्रभर पाण्यात उभे होते त्यांना सोसायटीच्या खर्चाने न्या, ते स्वतःहून जात नाहीत, रोज बुडतो म्हणून.

खड्डे आणि बागेतलं पाणी दोन दिवसात संपायला हवं. आठवडाभर राहिलं तर डास आणि पाठोपाठ डेंगी. राहत असेल तर वरच्या वाळूवर गाळाचा पापुद्रा धरलाय, तो खरवडून काढा.

आणि कुठपर्यंत पाणी चढलं त्याची खूण त्याच दिवशी गेटच्या खांबावर ऑइलपेंटने करा, तारीख टाका. आमच्या खांबावर २०१९ ची खूण मांडीपर्यंत आहे, मागच्या पावसाळ्यातली घोट्याच्या जरा वर. पाऊस दरवर्षी सारखा नसतो त्यामुळे नुसत्या खुणांवरून काम झालं असं म्हणता येत नाही, म्हणून गच्चीवर एक साधं पर्जन्यमापक ठेवलंय आणि रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहितो. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस गेला की खड्ड्यांची वरची सहा इंच वाळू बाहेर काढायची, धुवून उन्हात वाळवायची आणि पोत्यात भरून ठेवायची, मे मध्ये परत टाकायची. यावर्षी वस्तीतल्या शाळेमागे पण एक खड्डा घेतोय, जमीन मोजून झालीये, तासाला अडीच इंच पाणी जातंय.